काडेपेट्यांतली कार्डं

त्या घरात कधी काही संपत नसे. डब्यातली साखर तळाला लागली की काका म्हणत, "साखर आणायचीय." वीज गेली की म्हणत, "लाइट येतेय." कुणी वारल्याची बातमी आली तर ते चष्मा काढून पुसत आणि मग त्या माणसाबद्दल वर्तमानकाळातच बोलू लागत. "मोठा शौकीन माणूस आहे. दह्याशिवाय घास उतरत नाही त्याला." काकू स्वयंपाकघरातून मला म्हणायच्या, "'गेलं' हा शब्द ह्यांच्या जिभेवर येतच नाही बघ. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी अजून ऐकला नाही."

मी बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून बनारसला गेले तेव्हा बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत मला त्यांच्याकडे खोली मिळाली. काका एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. घराणं कित्येक पिढ्यांपासून काशीत. महाराष्ट्र त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही कुणाच्या तरी लग्नासाठी, आणि तिथे आपलं मराठी कुणाला धड समजत नाही अशी तक्रार घेऊन ते परत आले होते. घराबाहेरचा सगळा व्यवहार हिंदीत, त्यामुळे घरातल्या मराठीतही 'परेशान' आणि 'फुरसत' सहज येऊन बसत. मला ते 'मॅनेजरीणबाई' म्हणत. मी मॅनेजर नाही, साधी अधिकारी आहे, असं मी सुरुवातीला सांगून पाहिलं. "होणार आहात," ते म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला.

निवृत्तीनंतर त्यांनी मेमरी कार्डांचा नाद लावून घेतला होता. सुरुवात कशी झाली ते मला कुणी नीट सांगितलं नाही, पण मी गेले तोवर त्यांचं नाव घाटाघाटांवर झालं होतं. दशाश्वमेधावर पूजा सांगणारे गुरुजी यात्रेकरूंना सरळ त्यांच्याकडे पाठवत. महाराष्ट्रातून आलेली माणसं गल्लीत वाट चुकत, गायींना चुकवत, घामाघूम होऊन दारात उभी राहत आणि म्हणत, "फोटो दिसत नाहीयेत हो!"

काका त्यांना आधी बसवत. कार्ड हातात घेण्याआधी चहा झालाच पाहिजे, हा त्यांचा नियम. "घाईत माणूस 'हो' दाबतो," ते मला सांगायचे. "मशीन विचारतं, फॉरमॅट करू? माणूस घाबरलेला असतो, त्याला वाटतं हे मदतच करतंय. दाबतो 'हो'. अरे बाबा, ते घर धुऊन काढू का विचारतंय. आधी विचार तरी, आत कोण आहे." फोटो चुकून पुसले गेले असतील तर त्यांचा एकच हुकूम असे: त्या कार्डावर आता नवीन एकही फोटो काढायचा नाही. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, वरून दुसरं काही उमटलं की मग मात्र जातं, हे ते प्रत्येकाला न कंटाळता समजावत.

मराठीत आपण 'ते कार्ड' म्हणतो. काकांच्या तोंडी हिंदीच्या सवयीने तो पुल्लिंगी झाला होता, आणि म्हणून की काय, ते कार्डाबद्दल बोलू लागले की घरातल्या एखाद्या हट्टी भाच्याबद्दल बोलतायत असं वाटे. एकदा सांगलीकडचे एक गृहस्थ आले. पुतणीच्या लग्नाचे फोटो याच कार्डात, आणि आता कॅमेरा नवा फोटोही घेत नाही, जुनाही पुसत नाही. त्यांचा आवाज खालच्या गल्लीपर्यंत जात होता. काकांनी त्यांना चहा पाजला, मग कार्डाच्या कडेचा छोटासा खटका नखाने वर सरकवला आणि कार्ड परत दिलं. "काही झालं नव्हतं. ह्याने आतून कडी लावून घेतली होती फक्त." गृहस्थ ओशाळले. काका त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि आमच्या घरीही एकदा असंच झालं होतं असं खोटंच सांगून आले.

खूपदा दुखणं कार्डाचं नसेच. कधी कार्ड कॉम्प्युटरला जोडायचं यंत्रच खराब असे, कधी कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर प्रसादाच्या पेढ्याचं तूप बसलेलं असे. अशा पट्ट्या ते शाळेतल्या पोरांच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसत. कार्डावर कुणी फुंकर मारली तर मात्र चिडत. तोंडातली ओल आत जाते म्हणून. फोटो परत दिसू लागले की ते लॅपटॉप मालकाकडे फिरवून देत आणि स्वतः उठून खिडकीशी जात, समोरच्या गच्चीवरची माकडं बघत उभे राहत. दुसऱ्याचे फोटो बघायचे नाहीत, हा दुसरा नियम. "बघून घ्या, सगळे आलेत का," पाठमोरे विचारत.

आणि जे कार्ड दुरुस्त होत नसे, त्याचं काय? ते काडेपेटीत जाई. रिकाम्या काडेपेट्या एकमेकांना चिकटवून काकांनी एक छोटं कपाट केलं होतं. प्रत्येक पेटीवर मालकाचं नाव. त्यात पाण्यात पडलेली कार्डं होती, उन्हात वाकडी झालेली होती. फुटपाथवर घेतलेली नकली कार्डंही होती, ज्यांच्यावर आकडा भला मोठा आणि आत जागा एवढीशी, त्यामुळे नवे फोटो जुन्यांच्या डोक्यावर बसून गेलेले. काकांना पहिल्या दिवशीच कळत असे की यातून काही निघायचं नाही. पण मालकाचा फोन आला की ते म्हणत, "चालू आहे." दोन-तीन फोन झाले की माणसं आपणहून समजून घेत. काकू त्या कपाटाला धर्मशाळा म्हणत. "आलेला कुणी जातच नाही इथून."

मला तेव्हा त्यात गंमत वाटायची. बेबीताई येईपर्यंत.

बेबीताई याच गल्लीतल्या. पन्नाशी उलटली तरी इथे त्यांना सगळे बेबीच म्हणत. लग्न होऊन त्या रामनगरला, गंगेच्या पलीकडे गेल्या, नवऱ्याचं तिथे कापडाचं दुकान. माहेरचं आता इथे कुणी राहिलं नव्हतं, म्हणून काकांना भाऊ आणि काकूंना वहिनी म्हणून त्यांनी माहेर इथे टिकवलं होतं. एका रविवारी सकाळी त्या आल्या, चहा नको म्हणाल्या आणि रुमालाची गाठ सोडली. आत कार्डाचे दोन तुकडे होते.

हकिकत त्यांनी खाली मान घालूनच सांगितली. एकुलत्या मुलीने परजातीतल्या मुलाशी लग्न केलं होतं, घरी न सांगता, लखनौला नोकरी करत असताना. बातमी आली ती जेवणाच्या वेळी. नवरा ताटावरून उठला, कपाटातला जुना कॅमेरा काढला, त्यातलं कार्ड काढलं आणि दोन बोटांत मोडलं. मुलीच्या लहानपणाचे सगळे फोटो त्या एका कार्डात होते. घरात कॉम्प्युटर नव्हता, छापून घ्यायचं राहूनच गेलं होतं. त्या दिवसापासून त्या घरात मुलीचं नाव निघालं नव्हतं. तिचा फोन आला तर उचलायचा नाही, असं नवऱ्याने बजावलं होतं, आणि त्यांनी उचलला नव्हता.

काकांनी चिमट्याने एकेक तुकडा उचलून भिंगाखाली धरला. मी शेजारीच बसले होते. इतके रविवार त्यांच्याजवळ बसून मलाही थोडंफार कळू लागलं होतं. भेग बरोबर मधल्या काळ्या चकतीतून गेली होती. जिथे फोटो राहतात, तीच जागा दुभंगली होती.

"भाऊ, होईल ना?"

काका बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "वेळ लागेल," ते म्हणाले.

मग बेबीताई दर रविवारी येऊ लागल्या. आल्या आल्या विचारायच्या, "भाऊ, काही?" काका म्हणायचे, "चालू आहे." मग त्या काकूंजवळ बसून मटार सोलायच्या आणि मुलीबद्दल बोलायच्या. मुलगी नावेत बसायला घाबरायची, पण पुलावरून रिक्षा जाताना गंगेला हात जोडायला कधी विसरायची नाही. पहिल्यांदा साडी नेसली तेव्हा निऱ्यांत पाय अडकून दारातच पडली, आणि बापाने हसता हसता त्याचाच फोटो काढला. त्या कार्डातला एकेक फोटो त्यांना पाठ होता. बोलून झालं की चेहरा जरा निवलेला दिसायचा. पलीकडे जाताना त्या पदर सारखा करायच्या आणि गप्प व्हायच्या.

असं थंडीभर चाललं. मग एका रविवारी त्यांनी पिशवीतून नवाकोरा अल्बम काढला. जाड, प्लॅस्टिकच्या खिशांचा. फोटो निघाले की छापून यात लावायचे, आणि कुणाच्या तरी हातून लखनौला पाठवायचा. फोन उचलायची हिंमत नाही, पण एवढं तर करता येईल. "होळीपर्यंत होतील ना, भाऊ?"

काकांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, ते सांगता येणार नाही.

त्या गेल्यावर काकू हातातलं काम टाकून बाहेर आल्या. मी त्यांना इतक्या रागात कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, बाकीच्यांचं ठीक होतं, ते परके होते, दोन दिवसांत विसरून गेले. ही अल्बम घेऊन बसली आहे. मीही काकूंच्याच बाजूने बोलले. त्या कार्डातून काहीही निघणार नाही हे तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं ना, असं मी काकांना विचारलं.

"कळलं होतं," काका म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तिने विचारलं, होईल ना? त्या तोंडाकडे बघून मी काय सांगायचं होतं, मॅनेजरीणबाई?"

"जे आहे ते," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी बँकेत निघाले तेव्हा त्यांनी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली होती. कुठे, म्हटलं तर म्हणाले, रामनगर. मग त्या सोमवारपासून ते रोजच रामनगरला जाऊ लागले. काय करतात ते काकूंनाही सांगत नव्हते. आम्हाला कळलं ते असं, की रामनगरच्या आमच्या एका खातेदाराने बँकेत मला हसत हसत सांगितलं, तुमचे घरमालक आमच्याकडे दारोदार फिरतायत आणि लोकांचे फोन दुरुस्त करून देतायत.

ते खरं होतं. कुणाचा फोन 'जागा नाही' म्हणत होता, कुणाच्या कॅमेऱ्यात कार्ड अडकून बसलं होतं, कुणाच्या कार्डातले फोटो अर्धे करडे झाले होते. काका ते नीट करून देत आणि बदल्यात एकच मागत: त्या कापडाच्या दुकानदाराच्या मुलीचा एखादा फोटो असेल तर. मुलगी लहानाची मोठी तिथेच झालेली. शेजाऱ्यांकडच्या गणपतीच्या आरतीत ती होती, शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत होती, कुणाच्या तरी मुंजीत पंगत वाढत होती. दुसऱ्यांचे फोटो न बघणारा हा माणूस आता तासन्‌तास दुसऱ्यांचे फोटो बघत होता, आणि त्यांतल्या कडेकडेच्या चेहऱ्यांत एक चेहरा शोधत होता. तिची एक बालमैत्रीण तिथल्याच शाळेत शिक्षिका होती. तिच्याकडे सगळ्यात जास्त मिळाले.

होळीच्या आधीच्या रविवारी बेबीताई आल्या. काकांनी त्यांना बसवलं. चहा होऊ दिला. मग दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले.

"बेबी, हा कार्ड गेला. पहिल्याच दिवशी गेलेला होता."

काकू दाराला धरून उभ्या होत्या. काकांनी लगेच लॅपटॉप बेबीताईंकडे फिरवला आणि रामनगरहून एका नव्या कार्डात भरून आणलेले फोटो दाखवायला लागले, हा कुणाकडचा, तो कुणाकडचा, भराभर सांगत सुटले. बेबीताई एकेक फोटो बघत होत्या. वेणीची पाठ. वाढण्याचं पातेलं धरलेला हात आणि अर्धा चेहरा. रांगेत उभी राहून दुसरीकडेच बघणारी मुलगी. सगळे बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मुलगी माझीच आहे. पण भाऊ, माझ्या फोटोंत ती माझ्याकडे बघायची."

काकांनी नवं कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"इतके दिवस तुम्ही मला सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्यांनी दोन तुकडे रुमालात बांधले, नवं कार्ड टेबलावर तसंच ठेवलं आणि जिना उतरून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. काकांनी कार्डं घेणं बंद केलं. कुणी आलं तर काकू खालूनच सांगायच्या, तब्येत ठीक नाही. एके दिवशी मी बँकेतून परतले तर ते काडेपेट्यांचं कपाट पुढ्यात घेऊन एकेका मालकाला फोन लावत होते. "तुमच्या कार्डाचं काही होणार नाही," एवढंच सांगत. पलीकडची माणसं बहुतेक ते कार्ड केव्हाच विसरून गेलेली होती. कुणी म्हणालं, कुठलं कार्ड? काका त्यांचीही माफी मागून फोन ठेवत.

मग एका संध्याकाळी त्यांच्याच फोनवर फोन आला. आधी बराच वेळ ते नुसतं 'हां, हां' करत होते, मग खालच्या आवाजात बोलत राहिले. ठेवल्यावर आमच्याकडे वळून म्हणाले, "बेबीची मुलगी होती." त्या शिक्षिका मैत्रिणीने तिला कळवलं होतं, की एक म्हातारे गृहस्थ तुझ्या आईसाठी तुझे फोटो गोळा करत फिरतायत. कशासाठी, हे मुलीला समजेना. आईने तिचा एकही फोन उचलला नव्हता, तेव्हा आईला ती नकोच आहे असं तिने धरून ठेवलं होतं. काकांनी तिला तुकड्यांपासून अल्बमपर्यंत सगळं सांगितलं. ती रडत होती, ते म्हणाले. आणि येते म्हणाली.

रामनगरला फोन काकूंनी केला. रविवारी ये, एवढंच म्हणाल्या, आणि कोण येणार तेही सांगितलं.

त्या रविवारी मुलगी सकाळीच आली, बरोबर नवरा. शांत मुलगा, बुटांची लेस सोडताना तीनदा चुकला. काकूंनी मटार काढले होते ते तसेच पडून राहिले. दहाच्या सुमाराला बेबीताई जिन्यावर दिसल्या, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक होता. कसल्याशा मिरवणुकीमुळे पुलावर रिक्षा बंद होत्या. त्यांचे यजमान म्हणाले, मी स्कूटरवर सोडतो, आणि नाही म्हणायला कारण सापडलं नाही. "हे खाली उभे आहेत," त्या कुजबुजल्या. "चहाच्या दुकानाशी."

तेवढ्यात आतून मुलगी बाहेर आली. पुढचं मी पाहिलं नाही. काकांनी माझ्या कोपराला धरलं आणि आम्ही दोघं जिना उतरलो.

बेबीताईंचे यजमान दुकानासमोरच्या बाकावर बसले होते, स्कूटरची किल्ली हातात फिरवत. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. रागीट माणूस असेल असं मनात धरलं होतं. ते दमलेले दिसत होते. काका त्यांच्या शेजारी बसले आणि पुरव्यांत, म्हणजे मातीच्या पेल्यांत, तीन चहा सांगितले. चहा आला. मग यजमानांनीच विचारलं, पुरव्यात बघत.

"तो कार्ड जुळला का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते पुढे म्हणाले, रुमालात बांधून ती काय घेऊन निघाली होती ते त्यांना पहिल्याच दिवशी माहीत होतं. म्हणून तर दर रविवारी कुठे निघालीस असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"नाही जुळला," काका म्हणाले. "तो जुळण्यातला नव्हता."

यजमानांनी मान डोलावली.

"मुलगी वर आहे," काका म्हणाले.

गल्लीतून एक सांड चालत गेला, आम्हाला बाकावर पाय वर घ्यावे लागले. तो जाईपर्यंत यजमान वरच्या खिडकीकडे बघत होते. खिडकीत कुणी नव्हतं. काका काही समजावतील, मध्यस्थी करतील, अशी मी वाट बघत होते. ते नुसते चहा पीत बसले.

"एकटी आलीय?"

"नाही."

यजमानांनी किल्ली खिशात टाकली. मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, "जावई चहा घेतात का?"

काकांनी चहावाल्याला आणखी एक पुरवा भरायला सांगितलं आणि मला वर पाठवलं. खोलीत मायलेकी खाली जमिनीवर एकमेकींना टेकून बसल्या होत्या. मुलगा खिडकीपासून लांब, भिंतीशी उभा होता. मी त्याला म्हटलं, तुम्हाला खाली चहाला बोलावलंय. कुणी, हे त्याने विचारायच्या आतच बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी डोळे पुसले आणि मुलीला म्हणाल्या, "त्यांना सांग, तिथल्या चहात साखर फार असते. आवडला नाही तरी पूर्ण पिऊन घ्या म्हणावं."